जावामध्ये दोन-तीन अटी एकत्र केल्या की प्रोग्रॅम चालतो, पण उत्तर चुकतं. असं का?

प्रश्न थोडक्यात असा: जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत साधं इफ-एल्स (अट खरी तर हे कर, नाहीतर ते कर) जमतं. पण अटी जोडायची वेळ आली की एरर न येता चुकीचं उत्तर येतं. लीप वर्षाचा प्रोग्रॅम १९०० ला लीप म्हणतो आणि पासवर्ड बरोबर टाकला तरी तो ‘चुकीचा’ ठरतो. नेमकं काय समजून घ्यायला हवं?

उत्तर:

तुमची अडचण इफमध्ये नाही, इफच्या कंसात जे लिहिता त्यात आहे. शिकवताना सगळा भर इफ, एल्स आणि महिरपी कंसांवर असतो आणि कंसातली अट जाता जाता उरकली जाते. माझ्या मते हे उलटं व्हायला हवं. इफ दहा मिनिटांत कळतो, अट लिहायला मात्र शिकावं लागतं.

(खालच्या कोडमध्ये कीवर्ड आणि आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत लिहिलेत. टाइप करताना ते इंग्रजीतच करा. व्हेरिएबलची नावं मात्र देवनागरीत ठेवली तरी जावाची हरकत नसते.)

आधी एक गोष्ट पक्की करा. वय + १८ ची जशी काहीतरी किंमत येते, तशीच वय >= १८ चीही येते. पहिल्याची किंमत संख्या असते, दुसऱ्याची ट्रू (खरं) किंवा फॉल्स (खोटं); अशा किमतीला बूलियन म्हणतात. त्यामुळे ती व्हेरिएबलमध्ये ठेवता येते, छापता येते, मेथडमधून परत करता येते:

बूलियन प्रौढ = वय >= १८;

हे पटलं की इफ (वय >= १८) रिटर्न ट्रू; एल्स रिटर्न फॉल्स; असली लांबण लावावीशी वाटत नाही. रिटर्न वय >= १८; एवढ्यात काम होतं.

इफच्या कंसात जावाला बूलियनच लागतं. सी भाषेत तिथे आकडाही चालतो: शून्य म्हणजे खोटं, बाकी सगळं खरं. जावाने ही मुभा ठेवली नाही ते बरं झालं. एकटं = किंमत भरतं, तुलनेसाठी == लागतं. इफ (वय = १८) असं चुकून लिहिलंत तर इंटचं (पूर्णांकाचं) बूलियन होत नाही म्हणून कंपायलर (कोड चालण्याआधी तपासणारा प्रोग्रॅम) तिथेच अडवतो. पण व्हेरिएबल मुळातच बूलियन असेल तर ही राखण उठते. इफ (झालं = ट्रू) विनातक्रार कंपाइल होतं, झालं मध्ये ट्रू भरलं जातं आणि अट कायमची खरी ठरते. म्हणून == ट्रू लिहायची सवयच लावून घेऊ नका. इफ (झालं) किंवा इफ (!झालं) पुरेसं आहे; ! म्हणजे नकार.

गणिताच्या वहीतली १८ <= वय <= ६० ही मांडणी इथे का चालत नाही, तेही यातूनच कळतं. डावीकडच्या तुलनेतून ट्रू किंवा फॉल्स येतं आणि मग त्याची ६० शी तुलना करायला सांगितली जाते. ती होऊ शकत नाही. दिवस == ६ || ७ चंही तेच, कारण || (‘किंवा’) च्या दोन्ही बाजूंना बूलियन लागतं आणि ७ हे बूलियन नाही. दोन्ही ठिकाणी पूर्ण तुलना पुन्हा लिहावी लागते. सुदैवाने या चुका कंपायलरच पकडतो. खरा त्रास होतो तो त्याला न दिसणाऱ्या चुकांचा.

तुमचं लीप वर्ष त्यातलंच. नियम असा: ४ ने भाग जाणारं वर्ष लीप, पण १०० ने भाग जाणारं वर्ष ४०० नेही भाग गेला तरच लीप. तुमचा कोड समोर नाही, पण १९०० लीप येतं म्हणजे बहुधा दोनपैकी एक झालं असणार. एक तर इफ-एल्स इफच्या शिडीत ४ ची तपासणी पहिली ठेवली आहे. १९०० ला ४ ने भाग जातो, शिडी तिथेच थांबते आणि खालच्या १०० च्या अटीपर्यंत कुणी पोचतच नाही. किंवा ४ आणि १०० च्या अटींमध्ये && (‘आणि’) ऐवजी || पडलं आहे. शिडीच ठेवायची असेल तर आधी ४००, मग १००, मग ४ असा क्रम लावा. मी मात्र एकच अट लिहीन (% म्हणजे भागाकाराची बाकी, != म्हणजे ‘बरोबर नाही’):

बूलियन लीप = (वर्ष % ४ == ० && वर्ष % १०० != ०) || वर्ष % ४०० == ०;

आता ती कागदावर चालवून बघा. १९०० साठी पहिला भाग खरा, दुसरा खोटा, म्हणून कंस खोटा. ४०० ने भागून बाकी ३०० उरते, तेही खोटं, म्हणून लीप नाही. २००० साठी कंस खोटा, पण शेवटचा भाग खरा, म्हणून लीप. २०२४ साठी कंसच खरा आहे. २०२३ ला दोन्ही बाजू खोट्या.

यातला कंस काढला तरी उत्तर बदलत नाही, कारण जावा && च्या बाजू आधी एकत्र बांधतो आणि || च्या नंतर. गंमत म्हणजे कंस सरकवून वर्ष % ४ == ० && (वर्ष % १०० != ० || वर्ष % ४०० == ०) असं केलं तरीही उत्तर तेच येतं. पण ते केवळ ४०० ने भाग जाणाऱ्या संख्येला ४ नेही जातो म्हणून. दुसरीकडे ही सवलत मिळेलच असं नाही. अ || ब && क चा अर्थ अ || (ब && क) असाच होतो; तुम्हाला आधी अ || ब हवं असेल तर कंस द्यावाच लागेल. && आणि || एकाच ओळीत आले की गरज नसली तरी मी कंस देतो, वाचणाऱ्याला थांबून विचार करावा लागत नाही.

नकार हा नवशिक्यांचा सगळ्यात मोठा खड्डा आहे. समजा १ किंवा २ हीच निवड चालते आणि दुसरं काही आलं तर पुन्हा विचारायचं आहे. हात आपसूक लिहून जातो:

व्हाइल (निवड != १ || निवड != २)

हा लूप कधीच संपत नाही. १ दिलंत तर ते २ नाही, म्हणून उजवी बाजू खरी. २ दिलंत तर डावी बाजू खरी. कुठलीही संख्या एकाच वेळी १ आणि २ नसते, त्यामुळे अट सदैव खरी. इथे && हवं. याच्या उलट चूक न < १ && न > १० ही; ती कधीच खरी होत नाही. बोलताना आपण ‘१ पेक्षा लहान आणि १० पेक्षा मोठ्या संख्या नकोत’ असं म्हणतो, कारण डोळ्यांसमोर दोन गट असतात. कोडसमोर मात्र एका वेळी एकच संख्या असते.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे जे हवंय ते आधी सरळ लिहायचं, न >= १ && न <= १०, आणि त्याला कंस घालून पुढे उद्गारचिन्ह लावायचं. कंस उघडायचाच असेल तर डी मॉर्गनचा नियम वापरा: प्रत्येक तुकड्याचा नकार करा आणि && चं ||, || चं && करा. >= चा नकार < असतो, > चा नकार <=. बरोबरचं चिन्ह इकडे निसटतं आणि मग नेमकं सीमेवरचं उत्तर बिघडतं. म्हणून प्रोग्रॅम तपासताना ५ देऊन समाधान मानू नका. ०, १, १०, ११ द्या.

&& आणि || डावीकडून उजवीकडे सोडवले जातात आणि उत्तर ठरलं की थांबतात. ब != ० && अ / ब > २ मध्ये ब शून्य असेल तर भागाकार होतच नाही. बाजू उलट्या केल्यात, किंवा && च्या जागी एकच & लिहिलंत, तर इंट असलेल्या अ, ब साठी शून्याने भागल्याचं एक्सेप्शन (प्रोग्रॅम चालताना येणारी एरर) येतं. नल (व्हेरिएबलमध्ये कुठलंच ऑब्जेक्ट नसणं) तपासतानाही हाच क्रम: आधी नाव != नल, मग नाव.लेंथ().

छोट्या दोन गोष्टी. इफ (अट) नंतर चुकून अर्धविराम पडला तर इफ तिथेच संपतो आणि खालचा ब्लॉक अट खोटी असली तरी चालतो. आणि जावा समासाकडे बघत नाही, एल्स जवळच्या इफला चिकटतो. महिरपी कंस एका ओळीसाठीही द्या.

आता पासवर्ड. स्ट्रिंगसाठी (म्हणजे मजकुरासाठी) == वापरलं की ‘दोन्ही नावं एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात का’ एवढंच तपासलं जातं, अक्षरं नाहीत. कोडमध्ये थेट अवतरणात लिहिलेल्या सारख्या स्ट्रिंग जावा एकच ठेवतो, म्हणून तिथे == ट्रू देतं आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. स्कॅनरने (कीबोर्डवरून वाचणाऱ्या क्लासने) वाचलेली स्ट्रिंग मात्र वेगळं ऑब्जेक्ट असते. तेव्हा

इफ (खरा.इक्वल्स(टाकलेला))

असं लिहा. हमखास नल नसलेली बाजू डावीकडे ठेवा. इंटिजर या क्लासचंही असंच फसवं आहे: अशा दोन व्हेरिएबलमध्ये थेट १२७ भरून == केलं तर ट्रू येतं, १२८ भरलं तर सहसा फॉल्स, कारण -१२८ ते १२७ पर्यंतची ऑब्जेक्ट जावा आधीच राखून ठेवतो. साध्या इंटला हा त्रास नाही. डबलसाठीही (दशांश संख्यांसाठी) == टाळा; ०.१ + ०.२ == ०.३ फॉल्स येतं. दोघांमधला फरक अगदी लहान आहे का ते बघा.

कुठली अट चुकतेय कळत नसेल तर तिचे तुकडे नाव दिलेल्या बूलियन व्हेरिएबलमध्ये ठेवून एकेक छापा. थेट छापायची असेल तर अटीला कंस द्या, नाहीतर + आधी होतं आणि "उत्तर: " ही स्ट्रिंग अटीच्या डाव्या बाजूला जोडली जाते.

इक्वल्स लावूनही पासवर्ड चुकीचाच आला, तर त्याआधी नेक्स्टइंट() ने एखादी संख्या वाचली आहे का ते बघा. ती मेथड आकडा उचलते, पण त्यामागचं एंटर तसंच सोडते. पुढची नेक्स्टलाइन() ते एंटर पाहून रिकामी स्ट्रिंग परत करते आणि तुमची अट त्या रिकाम्या स्ट्रिंगशी इमानदारीने तुलना करते. संख्या वाचल्यावर एक जादा नेक्स्टलाइन() टाका, किंवा सगळंच नेक्स्टलाइन() ने वाचून आकडा इंटिजर.पार्सइंट() ने काढा.