डिलिव्हरीसाठी घेतलेला नंबर जाहिरातीला चालेल का?

प्रश्न : आमचं पैठणीचं ऑनलाइन दुकान आहे. एजन्सी म्हणते, जुन्या ग्राहकांचे मोबाइल नंबर मेटावर (फेसबुकच्या कंपनीकडे) चढवा; ते हॅश होऊनच, म्हणजे सांकेतिक अक्षर-आकड्यांत बदलूनच जातात, परवानगी लागत नाही. खरं का?
– एक वाचक, येवला

उत्तर : नाही. मेटाकडे त्याच नंबरचा त्याच पद्धतीने काढलेला हॅश असतो, म्हणून तर जुळणी होते. ओळख पटत नसती, तर ती यादी काय कामाची? शिवाय आपले मोबाइल नंबर ६ ते ९ने सुरू होणारे, दहा आकडी. म्हणजे फार तर ४०० कोटी. तेवढ्या सगळ्यांचे हॅश काढणं चांगल्या ग्राफिक्स कार्डाला काही सेकंदांचं काम आहे, म्हणजे हॅशवरून मूळ नंबर शोधता येतो.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती ठरावीक कारणापुरतीच धरली जाते; डिलिव्हरीसाठी दिलेली जाहिरातीला चालत नाही. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. मुख्य तरतुदींना त्यापुढे १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर थांबण्यात अर्थ नाही, कारण आज जमवलेली यादी तुम्ही तेव्हाही वापरणार.

चेकआउटवर दोन वेगळ्या चौकटी ठेवा : ‘व्हॉट्सॲपवर ऑफर पाठवा’ आणि ‘जाहिराती दाखवण्यासाठी माझा नंबर मेटाला द्या’. दोन्ही रिकाम्या, आणि टिक न करताही ऑर्डर पूर्ण झाली पाहिजे. संमतीची तारीख, वेळ आणि त्या दिवशी चौकटीपुढे असलेला मजकूर जपून ठेवा. मजकूर पुढे बदलला, की कोण कशाला ‘हो’ म्हणालं हे सांगता येत नाही. जुन्या ग्राहकांना पार्सलमधल्या चिठ्ठीवर क्यूआर कोड छापून विचारा.

हमखास चूक होते ती संमती मागे घेतल्यावर. नाव एक्सेलमधून जातं, मेटावर चढवलेली यादी मात्र तशीच राहते. तिथूनही नंबर काढायला हवा.

प्रश्न : साइटवर संमती विचारणारी कुकीची पट्टी लावली आहे. ती खरंच काम करते का, हे कसं तपासायचं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : क्रोमची इनकॉग्निटो खिडकी उघडा, एफ-१२ दाबा, ‘नेटवर्क’मध्ये जा. फिल्टरमध्ये इंग्रजीत ‘फेसबुक’ लिहून पान पुन्हा लोड करा. पट्टीला हात लावू नका. तरीही ओळी उमटल्या, तर पिक्सेल, म्हणजे मेटाचा माग काढणारा कोड, संमतीआधीच माहिती पाठवतो आहे. पट्टी नुसती शोभेची.

बहुतेक वेळा पिक्सेल दोनदा बसवलेला असतो : एकदा टॅग मॅनेजरमध्ये (असे कोड एका जागेवरून चालवणारं गूगलचं साधन), एकदा थीमच्या, म्हणजे साइटच्या साच्याच्या, कोडमध्ये. पट्टी पहिल्यालाच अडवते. थीममधला काढून टाका. टॅग मॅनेजरमध्ये मेटाच्या टॅगला (तिथल्या पिक्सेलला) ‘अतिरिक्त संमती आवश्यक’ ही अट स्वतः लावावी लागते, आणि सुरुवातीची स्थिती ‘नाकारलेली’ ठेवावी लागते. मग ‘नाकारा’ दाबून पुन्हा बघा. आता एकही ओळ दिसता कामा नये.

‘नाकारा’ हे बटण ‘स्वीकारा’च्या शेजारीच, तेवढंच मोठं ठेवा. नकार अवघड केला म्हणून फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला होता.

प्रश्न : शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावाची साइट आहे. पालकांची संमती घेतली, तर मुलांना आवडीनुसार जाहिराती दाखवता येतील?
– एक वाचक, सांगली

उत्तर : १८ वर्षांखालच्यांचा माग काढणं आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं याला कायद्याच्या कलम ९मध्ये मनाई आहे, पालकांच्या संमतीने ती उठत नाही. पानाच्या विषयाला धरून जाहिरात द्या. भूमितीच्या पानावर कंपासपेटीची जाहिरात दाखवायला ते मूल कोण आहे हे कळावं लागत नाही.