तुझ्याकडे खरी एकच जागा आहे

अरे बेटा,

तुझा मेसेज परवा रात्री वाचला, पिस्तुलाचं लायसन हातात आलं हे वाचून लई बरं वाटलं. पण तू विचारलंस की काका, जुनं पिस्तूल घ्यायचंय, वाल्थरची पीपीके घेऊ का ब्राउनिंगचं मॉडेल १९१०, आणि त्याला एका ओळीत उत्तर देणं मला जमलं नाही, म्हणून हे निवांत लिहायला बसलो. वरणगावच्या फॅक्टरीत बत्तीस वर्षं काडतुसं गेज लावून तपासण्यात गेली माझी, त्यामुळे घाईत काही पास करायची सवयच नाही.

आधी हिशोब समजून घे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, आधी तीन होती, आणि वारशानं आलेलं हत्यारही त्या दोनातच मोजतात. तुमच्या घरी आजोबांची बारा बोअर बंदूक आहे ना, ती आज ना उद्या तुझ्याच नावावर येणार, म्हणजे तुझी एक जागा आत्ताच गेली असं धर. राहिली एक. बाहेरच्या देशात लोक एकाच मॉडेलची वीस-वीस व्हेरियंट कपाटात लावतात, त्यांचे व्हिडिओ बघून आपण तसं करायला गेलो तर नुसता जीव जळतो. आपल्याकडे हत्यारांचा कलेक्टर, म्हणजे संग्राहक, म्हणजे ज्याच्याकडे एकच नग आहे पण त्याचा शिक्का न् शिक्का, स्क्रू न् स्क्रू त्याला पाठ आहे, असा माणूस. मला तू तसा झालेला बघायचाय.

आता बोअर, म्हणजे नळीचं आणि काडतुसाचं माप. ९ एमएम पॅराबेलम आपल्याकडे प्रोहिबिटेड, म्हणजे सामान्य लायसनवर बंद, तो विषय डोक्यातून काढ. क्लासिक छोट्या पिस्तुलात आपल्यासाठी मुख्यतः राहतं ते .३२ एसीपी काडतूस, त्यालाच युरोपात ७.६५ ब्राउनिंग म्हणतात, दोन्ही एकच. आणि दुकानदारानं ".३२ ची काडतुसं" म्हणून डबी पुढे केली तर आधी वाचायची, कारण कानपूरच्या रिव्हॉल्व्हरचं .३२ एस अँड डब्ल्यू लॉंग हे वेगळं काडतूस आहे, लांब आणि बुडाला बाहेर आलेला काठ असलेलं, ते पिस्तुलाचं नाही. आपल्याकडचं एसीपी खडकीचं येतं, मागे केएफ शिक्का असतो.

हे एसीपी काडतूस जॉन ब्राउनिंगनं १८९९ मध्ये बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या पिस्तुलासाठी आणलं, आणि त्या माणसाचा एक व्यवहार समजला की निम्मा बाजार समजतो बघ. त्यानं अमेरिकेतले हक्क कोल्ट कंपनीला दिले आणि युरोपातले एफएनला, म्हणून एकाच डोक्यातून निघालेली दोन घराणी झाली. कोल्टचं १९०३ पॉकेट हॅमरलेस, नाव हॅमरलेस पण घोडा, म्हणजे ठोका देणारा हॅमर, आत लपलेला असतो, १९४५ पर्यंत साडेपाच लाखाच्या वर बनली. आणि एफएनचं मॉडेल १९१०, ज्याच्यात त्यानं रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे मागे गेलेली स्लाइड परत पुढे आणणारी स्प्रिंग, नळीच्या खाली न ठेवता नळीच्या भोवतीच गुंडाळली. एवढीशी गोष्ट वाटते पण त्यामुळे स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, सडपातळ झाली आणि अख्खं पिस्तूल साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत झालं, खिशात कुठे अडकायला कोपराच नाही. सारायेव्होत २८ जून १९१४ ला ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूकवर, म्हणजे युवराजावर, झाडलं ते हेच मॉडेल, फक्त ९ एमएम शॉर्टमधलं, ते पॅराबेलमपेक्षा आखूड असं वेगळं काडतूस. पुढे वाल्थरनं १९२९ ला पीपी काढलं आणि १९३१ ला त्याचं छोटं भावंड पीपीके, त्यातही स्प्रिंग नळीभोवतीच आहे. म्हणजे तू ज्या दोन पिस्तुलांमध्ये अडकलायस त्यातलं एक दुसऱ्याच्या खांद्यावर उभं आहे.

पीपीके वाईट अजिबात नाही, माझा तसा अर्थ घेऊ नको. डबल अ‍ॅक्शन चाप (एकाच ओढीत घोडा उचलून सोडणारा), घोडा सुरक्षित खाली आणणारी स्लाइडवरची सेफ्टी, शेवटचा राउंड गेला की स्लाइड उघडी राहते, हे सगळं मॉडेल १९१० मध्ये नाही. पण पीपीकेला सिनेमानं एवढं डोक्यावर घेतलंय की आपल्याकडे तिचा भाव नावाचा असतो, लोखंडाचा नसतो. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला बाहेरून हत्यार आणता येत नाही, त्यामुळे देशात जेवढा जुना माल आहे तेवढाच या हातातून त्या हातात फिरतो, आणि दर वेळी किंमत वाढते पण हालत तर वाढत नाही ना. त्याच पैशात पीपी मिळाली तर मी पीपीकेपेक्षा पीपी घेईन, नळी ८३ ऐवजी ९८ मिलिमीटर, मॅगझीनमध्ये सातऐवजी आठ, आणि हाताला भरीव लागते. आणि तिन्ही समोर ठेवली, तिन्ही सारख्याच हालतीत, तर मी १९१० उचलेन. त्यात कमीत कमी भाग आहेत, आणि ज्याला मशीन समजून घ्यायची आवड आहे त्याच्यासाठी यापेक्षा चांगला मास्तर नाही.

माझी एक चूक सांगतो, ती तू करू नको. वीसेक वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात एकाकडे पीपी बघायला गेलो, आरशासारखी चमकत होती, मी तिथेच भाळलो आणि संध्याकाळच्या गाडीनं यायचं म्हणून घाईत व्यवहार केला. घरी येऊन भिंगाखाली धरली तर अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट, आणि स्लाइडचा नंबर फ्रेमशी, म्हणजे खालच्या सांगाड्याशी, जुळेना. कोणीतरी बफ मारून नवीन ब्लूइंग, म्हणजे लोखंडावरचा निळसर-काळा थर, चढवलं होतं आणि दोन पिस्तुलांचं एक केलं होतं. चालायची ठीक पण मला ती हातात घ्यावीशीच वाटेना. पुढे नुकसान सोसून विकली.

म्हणून तू बघायला जाशील तेव्हा पहिलं मॅगझीन काढ, मग स्लाइड मागे घेऊन चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, डोळ्यानं बघ आणि करंगळीनं चाचप, मालक कितीही म्हणाला रिकामं आहे तरी. मग टॉर्च लावून नळी बघ. जुन्या काडतुसांचे प्रायमर, म्हणजे बुडातली ठिणगी पाडणारी टोपी, खारट राख सोडायचे, वेळेवर साफ केलं नाही की नळीत खड्डे पडतात, ते कुठल्याच पॉलिशनं जात नाहीत. मग नंबर जुळव, मग सरकारी तपासणीचे, म्हणजे प्रूफचे शिक्के. बेल्जियमच्या मालावर अंडाकृतीत ईएलजी, जर्मन मालावर जुना असेल तर मुकुटाखाली एन आणि १९४० पासून गरुडाखाली एन. वाल्थरवर मानुऱ्हिन दिसलं तर घाबरू नको, युद्धानंतर फ्रान्समध्ये लायसनवर बनलेली आहे ती, माल चांगला. पण दिसायला ब्राउनिंग आणि कोरलेलं गाव स्पेनचं एबार असेल तर सावध राहा, पहिल्या महायुद्धात तिथे नकलांचा पूर आला होता आणि काहींचं स्टील अगदीच मऊ.

१९१० ची एक खास गोम आहे, ही कोणी सांगत नाही. तिची नळी सुटी होते, आणि .३२ ची नळी काढून ९ एमएम शॉर्टची बसवली तरी ती बसते आणि चालतेही. म्हणजे कधीकाळी कोणी बदलली असेल तर लायसनवर एक बोअर आणि हातात दुसरं, आणि उत्तर तुला द्यावं लागेल. नळीवरचं बोअर स्वतः वाच. ब्लूइंग थोडं उडालेलं चालेल, कडा घासून चांदीसारख्या पांढऱ्या पडलेल्या असतील तर उलट मला आवडतं, ते खरं वय आहे. ओरिजिनल मॅगझीन मात्र सोडू नको, नंतर शोधत फिरशील.

कागदाचं, विकणाऱ्याच्या लायसनवरचा नंबर हत्यारावरच्या नंबराशी आकडा न् आकडा जुळव. तो खाजगी लायसनवाला असेल तर त्याला व्यवहाराच्या ४५ दिवस आधी लेखी कळवावं लागतं, कलेक्टर साहेबांना किंवा पोलीस स्टेशनला, त्याची पोच बघितल्याशिवाय बयाणा पण देऊ नको. "पोच येईल हो" म्हणणारा असेल तर चहा पिऊन निघून ये.

आणि भो, एक गोष्ट वडिलकीनं सांगतो. आपल्या भागात चोपड्याच्या वर सातपुड्याच्या सीमेवरून गावठी कट्टे येतात ते तुलाही माहीत आहे, पेपरात दर महिन्याला असतं. कॉलेजच्या पोरांमध्ये कोणी तसलं काही "फक्त बघायला" म्हणून दाखवलं तरी हात लावू नको, तिथून उठ. ज्या नळीला कुठल्या प्रूफ हाउसनं, म्हणजे नळीची मजबुती तपासून शिक्का मारणाऱ्या संस्थेनं, कधी तपासलं नाही ती हातात फुटते, आणि नाही फुटली तरी आर्म्स अ‍ॅक्ट आहे. ते पिस्तूलच नाही रे, त्याला माझ्यासमोर पिस्तूल म्हणू पण नको.

घेतल्यावर ठेवायचं कसं, तर चामड्याच्या होल्स्टरमध्ये कधीच नाही. चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि ओल दोन्ही लोखंड खातात, बाहेरून कळतही नाही. भुसावळच्या कोरड्या उन्हात माझं लोखंड मजेत राहतं, उलट लाकडी ग्रिप तडकतात, पण तुमचं घर पडलं रावेरला केळीच्या बागेत, बारा महिने पाणी चालू, तिथे हवा दमट. तेलाचा पातळ हात, सुती कापड, लोखंडी कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, आणि मृग लागला की दर पंधरा दिवसांनी बघायचं. हात लावला की पुसायचं, घामाच्या बोटाचा ठसा तीन दिवसात गंजून उठतो. काडतुसं वेगळ्या कुलपात. रिकॉइल स्प्रिंग जुनी असेल तर आधी कारागिराकडून बदलून घे मगच रेंजवर ने, नाहीतर स्लाइड फ्रेमवर आपटून आपटून शंभर वर्षाचं लोखंड चिरेल.

तू म्हणालास धुळ्याला एकाकडे १९१० आहे. फोटो बघितले, स्लाइडची अक्षरं तर धारदार दिसतायत, पण डावी ग्रिप मला बदललेली वाटते आणि नळीचा फोटो त्यानं दिलेलाच नाही. त्याला पुढच्या रविवारी येतो म्हणून सांग. मी सकाळच्या गाडीनं जळगावला येतो, तिथून तुझ्या गाडीवर जाऊ. भिंग आणि टॉर्च मी आणतो, तू लायसनची ओरिजिनल घे, आणि पैसे त्या दिवशी अजिबात सोबत घेऊ नको.

तुझा,
काका