सेल्फ मारतेय पण चालू होत नाही : वाचकांचे गाडीचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार. माझी 2013 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, मागाहून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलंय. चिंचवड ते हिंजवडी रोजचं येणं-जाणं, सगळं गॅसवरच, पेट्रोलची टाकी कायम रिझर्व्हला कारण पेट्रोल लागतंच कुठे. मागच्या महिन्यात गावी गेलो होतो, चार दिवस गाडी उभी होती, आलो तर सेल्फ जोरात मारतेय पण इंजिन काही पकडत नाही. गॅरेजवाल्या दादांनी आधी बॅटरी बदलली, मग चारही प्लग बदलले, दोन दिवस कशीबशी चालली आणि आता परत तेच. दहा-बारा वेळा सेल्फ मारला की कधीतरी चालू होते, आणि एकदा चालू झाली की गॅसवर मस्त पळते. आता ते म्हणतायत ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) गेलाय, सेकंडहँड बघतो. पैसे घालायला मी तयार आहे पण परत वाया जायला नकोत. काय करू?

— एक वाचक, चिंचवड

उत्तर : आधी एक, ईसीएम घेऊ नका. तुमच्या पत्रातलं शेवटून चौथं वाक्य परत वाचा, "गॅसवर मस्त पळते". निम्मं निदान त्यातच झालंय. गॅसवर चालायलाही ठिणगी लागते, कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब लागतो, इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणाऱ्या क्रँक सेन्सरचा सिग्नल लागतो, म्हणजे हे सगळं तुमच्या गाडीत ठीक आहे. आणि सिक्वेन्शियल किटमध्ये गॅसचा कंप्युटर स्वतःच्या मनाने काही करत नाही, पेट्रोलच्या ईसीएमने इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारे नोझल, किती वेळ उघडायचे ठरवलं ते बघून तो गॅस सोडतो. ईसीएम मेला असता तर गाडी गॅसवरही चालली नसती. सेल्फ जोरात मारतेय म्हणजे बॅटरीही मुळात बरी होती, ती बदलायच्या आधी मीटर लावायला हवा होता. बंद गाडीला 12.6 व्होल्टच्या आसपास आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली न जाणं, एवढं मिळालं की बॅटरीचा विषय संपला.

राहिलं काय, तर पेट्रोल. तुमची गाडी चालू पेट्रोलवर होते आणि इंजिन जरा तापलं की किट तिला गॅसवर नेतं. म्हणजे अडचण फक्त त्या पहिल्या एक-दोन मिनिटांची आहे.

उद्या सकाळी गाडी थंड असताना हे करा. काचा बंद, पंखा बंद, रेडिओ बंद. मागच्या सीटवर कुणालातरी बसवा आणि तुम्ही चावी फक्त ऑन करा, सेल्फ मारू नका. सीटखालून साधारण दोन सेकंद बारीक घूंऽऽ असा आवाज येऊन बंद झाला पाहिजे, तो टाकीतला पंप. आवाज आला तर चावी ऑन-ऑफ असं चार-पाच वेळा करा, दर वेळी दोन-तीन सेकंद थांबा आणि मग सेल्फ मारा. पहिल्या झटक्यात चालू झाली तर समजा की पंप फिरतोय पण थकलाय, किंवा लाइनमधलं प्रेशर रात्रभरात उतरतंय. दहा-बारा वेळा सेल्फ मारल्यावर चालू होते असं तुम्ही लिहिलंय त्यावरून मला हेच जास्त वाटतंय, कारण दर वेळी थोडं थोडं प्रेशर चढत जातं. नक्की करायचं तर फ्युएल लाइनला गेज लावायला सांगा. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत ते 3 बारच्या आसपास असतं, तुमच्या मॉडेलचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून बघून घ्या. पंप बंद झाल्यावर काटा लगेच खाली घसरला तर पेट्रोल मागे परतू न देणारा पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह खराब, नाहीतर एखादा गळका इंजेक्टर.

आवाजच आला नाही तर लगेच नवा पंप आणू नका! आधी फ्यूज बघा, मग पंपाचा रिले, म्हणजे पंपाला करंट देणारा छोटा इलेक्ट्रिक स्विच. फ्यूज बॉक्समध्ये बहुतेक वेळा त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, हॉर्नचा वगैरे, तो अदलाबदल करून बघायला एक मिनिट लागतो आणि शून्य रुपये. मग पंपाच्या कनेक्टरवर चावी ऑन करताक्षणी 12 व्होल्ट येतायत का आणि अर्थिंग नीट आहे का ते मोजा. करंट पोचतोय आणि पंप फिरत नाही तरच पंप गेला. तुमच्या बाबतीत अजून एक जागा आहे, काही किट फिटर पंपाची वायर मधे कापून तिथे रिले टाकतात, गॅसवर असताना पंप बंद राहावा म्हणून. तो जोड नुसता पीळ मारून टेप गुंडाळलेला असला तर दोन पावसाळ्यांत हिरवा पडतो. माझ्याकडे अशी एक गाडी आली होती जिच्यात दोन पंप बदलून झाले होते आणि दोष त्या एका जोडात होता, सोल्डर करून स्लीव्ह घातली, काम झालं. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो, पगारातून साठवलेले पैसे होते ते.

आता पंप का थकला असेल, हे मला कळकळीने सांगायचंय कारण सीएनजीवाल्या किती गाड्यांत हेच होतं. पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, त्या पेट्रोलनेच तो थंड राहतो आणि त्यानेच त्याचं वंगण होतं. बऱ्याच किटमध्ये गाडी गॅसवर असली तरी पंप फिरतच असतो. टाकीत तळाला चार लिटर पेट्रोल, पंप अर्धा उघडा, रोज दोन तास असा तापतो. त्यात तेच पेट्रोल महिनोन्‌महिने पडून, आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे आणि इथेनॉल पाणी ओढतं, मग तळाचा सगळा गाळ पंपाच्या जाळीवर. "पेट्रोल लागतंच कुठे" असं तुम्ही म्हणता, पंपाला लागतं! पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका आणि आठवड्यातून एकदा तरी पंधरा-वीस किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

तोवर ऑफिसला जायचं काय? बऱ्याच किटना इमर्जन्सी स्टार्ट असतो, गॅसचं बटण दाबून धरून चावी ऑन करायची आणि थेट गॅसवर सेल्फ मारायचा. पद्धत किटप्रमाणे बदलते, फिटरला विचारा. तशी एका झटक्यात चालू झाली तर पेट्रोलच्या बाजूचाच दोष यावर शिक्कामोर्तब. रोज मात्र तसं करू नका, गॅसचं प्रेशर कमी करणारा रेग्युलेटर थंड असताना त्यातून गॅस सोडणं त्याच्या डायफ्रामला, म्हणजे आतल्या रबरी पडद्याला, मानवत नाही. आणि सलग दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका, मधे अर्धा मिनिट तरी थांबा, नाहीतर स्टार्टर मोटर तापून तीही बदलायची वेळ येईल.

ज्यांच्या गाडीत गॅस नाही त्यांनी पंपाचा आवाज येत असेल तर दोन गोष्टी बघाव्यात. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलूपवाल्या गाडीचं चिन्ह लुकलुकतंय का, असेल तर चावीतली चिप ओळखली जात नाहीये, दुसरी चावी लावून बघा. आणि सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम दिसतो का, शून्यच राहिला तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर. वायर आधी बघा, उंदीर फार कुरतडतात.

प्रश्न : पावसात रस्त्यावरच्या पाण्यातून जाताना गाडी बंद पडली. आता सेल्फ मारला की टक्‌ करून अडतो. धक्का मारून बघू का?

— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नका, कृपा करून नका, आणि परत सेल्फही मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची वायर काढा, एअर फिल्टर उघडून ओला आहे का बघा, फोटो काढा, इन्शुरन्सला कळवा आणि टो करून न्या. गॅरेजमध्ये चारही प्लग काढूनच इंजिन फिरवायला सांगा म्हणजे पाणी प्लगच्या भोकातून बाहेर पडेल, मग ऑइल बघायला सांगा, दुधाळ झालं असेल तर ते बदलल्याशिवाय चालू करायचं नाही. तुमच्या पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर आहे का तेही आजच बघा, साध्या पॉलिसीत पाण्यात सेल्फ मारून मोडलेल्या इंजिनचा क्लेम बहुतेक वेळा नाकारतात.

प्रश्न : डिझेल गाडीचा फिल्टर घरीच बदलला, तेव्हापासून नुसती फिरतेय, चालू होत नाही.

— एक वाचक, नाशिक

उत्तर : लाइनमध्ये हवा राहिलीय. फिल्टरजवळ रबरी प्रायमर, म्हणजे डिझेल ओढायचा हातपंप, असेल तर तो कडक लागेपर्यंत दाबत राहा, मग सेल्फ मारा, दोन-तीन वेळा करावं लागेल. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी पाच-सहा वेळा ऑन-ऑफ. तरी नाही झाली तर नव्या फिल्टरची रबर रिंग नीट बसलीय का बघा, जुनी तिथेच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली की हवा ओढतेच.