चावीवाल्याच्या मुलास

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बाबांचं कपाट आवरलंस, तर निघालं काय, खात्याचं ओळखपत्र, पतपेढीचं पासबुक आणि दोन खाकी शर्ट. त्यावरून तू विचारतोस, जन्मभर राबून माणसानं मागे ठेवलं काय? 'तुला ठेवलं' हे सोपं उत्तर मी देणार नाही. ज्यांना मूलबाळ नाही, त्यांचं मग काय?

मी मुंबई पालिकेच्या पाणी खात्यात इंजिनियर, तुझे बाबा चावीवाले. पहाटेच्या पाण्याला मी त्यांच्याबरोबर कितीदा तरी उभा राहिलोय. रस्त्यातलं झाकण उचलायचं, लांब लोखंडी चावी आत बसवायची आणि आटे मोजत फिरवायची. व्हॉल्व्ह घाईनं उघडला तर पाण्याचा धक्का बसून जुनी पाइपलाइन फुटते. म्हणून ते थोडे आटे देऊन थांबायचे, चावीच्या दांड्याला कान लावून पाणी कसं धावतंय ते ऐकायचे आणि मगच पुढे फिरवायचे. वर चाळीच्या गॅलरीतून कुणीतरी हमखास ओरडायचं, "आलं का हो?" वेळ संपली की बंद, पुढची गल्ली. काल सोडलेल्या पाण्याचं आज काय उरतं? भात शिजला, धुणं झालं, पोरं आंघोळ करून शाळेत गेली. संपलं. पण त्या पाण्याची किंमत त्याच सकाळी पुरी वसूल झाली होती. नंतर कुणी आठवण काढली नाही म्हणून ती कमी होत नाही.

आता ज्यांचं नाव उरलं, त्यांचं बघ. वैतरणेवरच्या तलावाला एन. व्ही. मोडक या पालिकेच्या इंजिनियरचं नाव मिळालं. पावसाळ्यात पेपरात येतं, 'मोडकसागर भरून वाहू लागला', आणि पाणीकपात टळली म्हणून लोक हुश्श करतात. मोडक कोण, हे लोकलच्या एखाद्या डब्यात विचारून बघ. आमच्या धंद्यात याहून मोठं स्मारक कुणाला मिळणार? दक्षिण मुंबईतल्या काळा घोडा चौकाची तर मजाच आहे. सातव्या एडवर्डचा घोड्यावर बसलेला काळा पुतळा १९६५ साली तिथून हलवला, तो आता राणीच्या बागेत आहे. नाव मात्र राहिलं ते घोड्याचं. २०१७ साली तिथे नवा घोडा बसवला, तोही स्वाराशिवाय. मला ते अगदी योग्य वाटतं.

आणि मागे उरतं ते चांगलंच असतं, असंही नाही. तानसा धरण १८९२चं, भातसा बरंच नंतरचं, दोन्ही शहापूर तालुक्यात. मुंबईचे नळ त्यावर चालतात आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात. आमच्या कर्तबगारीची भाषणं होतात तेव्हा हा भाग कुणी वाचत नाही. वारशावरच माणसाची किंमत करायची, तर तिथल्या बायकांच्या डोक्यावरचे हंडेही आम्हा इंजिनियर मंडळींच्या नावावर मांडावे लागतील. तुझ्या बाबांच्या नावावर नाही.

राहिला तुझ्या नोकरीचा प्रश्न. 'तिथे राहून मागे काय उरणार' असं लिहिलंयस. ते सोडून दे, तो हिशेब दुसरे लोक लिहितात, आपापल्या सोयीनं. पगार किती, बदलापूरहून रोजची लोकल झेपेल का, साहेब कसा आहे आणि तू एक दिवस गेला नाहीस तर कुणाचं खरोखर अडेल का, एवढं बघ. शेवटचा मुद्दा मी पगाराच्याही वर ठेवीन, पण घरभाडं तुला भरायचंय, मला नाही.

आईच्या फॅमिली पेन्शनचे कागद अजून दिले नसलेस तर आधी ते उरक. मृत्यूच्या दाखल्याच्या आणि पासबुकाच्या चार-चार झेरॉक्स काढून ठेव. सोमवारी सकाळी मी बरोबर येतो, त्या कचेरीतले जिने मला पाठ आहेत.

तुझा,
काका