रात्री दोनचं स्कॅन

प्रश्न : पुण्याच्या नातवानं दिवाळीत नवा कॉम्प्युटर बसवून दिला. व्हायरसचं स्कॅन रोज रात्री दोनला आपोआप होईल, अशी सोयही केली. परवा त्यानं फोनवर सांगितलं तसं उघडून पाहिलं, तर ‘लास्ट रन टाइम’खाली 30-11-1999 ही तारीख! मशीन बिघडलंय का?
— एक निवृत्त शिक्षक, औसा

उत्तर : गुरुजी, मशीन ठणठणीत आहे. नेमून दिलेलं काम एकदाही झालं नसेल, तर टास्क शेड्युलर (ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणारा विंडोजमधला प्रोग्राम) हीच तारीख दाखवतो. आपल्याकडं झोपताना भिंतीवरचं बटण बंद करतात. व्होल्टेज कमीजास्त होतं, तेव्हा ती सवय मोडू नका. पण बंद मशीन दोन वाजता जागं कसं होणार? ‘वेक द कॉम्प्युटर’वर खूण केली तरी स्लीपमधलं मशीन उठतं, बंद केलेलं नाही.

म्हणून वेळ बदला. टास्क शेड्युलरमध्ये डावीकडं लायब्ररी, मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोज डिफेंडर (विंडोजसोबतच येणारा अँटीव्हायरस) असं आत जा. ‘शेड्युल्ड स्कॅन’वर दोनदा क्लिक करा. ‘ट्रिगर्स’मध्ये रात्रीचे दोन काढून तुम्ही हमखास कॉम्प्युटरवर बसता ती वेळ टाका, समजा रविवारी सकाळी दहा. आता सगळ्यात महत्त्वाचं: ‘सेटिंग्ज’मध्ये ‘रन टास्क ॲज सून ॲज पॉसिबल’नं सुरू होणारी ओळ आहे, तिच्यावर खूण हवीच. दहाला लाईट गेलेली असली, तर पुढं मशीन सुरू झाल्यावर चुकलेलं स्कॅन होतं. आपल्या भागात ही एक खूण वेळेपेक्षाही मोलाची.

हे क्विक स्कॅन असतं, व्हायरस सहसा जिथं दडतात त्या जागा तेवढ्या बघतं. फुल स्कॅनला तासन्‌तास लागू शकतात. ते महिन्याकाठी हातानं करा.

पेनड्राइव्हचं मात्र वेगळं. पीक विम्याच्या दिवसांत माझ्या उदगीरच्या दुकानात एक मुलगी रडवेली होऊन आली. झेरॉक्सवाल्याकडून आणलेल्या पेनड्राइव्हमध्ये प्रत्येक फोल्डरवर वाकडा बाण, आणि सातबारा उघडेना. फायली आतच होत्या, व्हायरसनं लपवल्या होत्या; तासाभरात सगळ्या मिळाल्या. तेव्हा बाहेरचा पेनड्राइव्ह रविवारच्या भरवशावर ठेवू नका. लावला की आधी राइट क्लिक करून ‘स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ निवडा, मगच उघडा.

सोमवारी तोच रकाना पुन्हा बघा. 1999 जाऊन तिथं रविवारची तारीख आलेली असेल. नसली, तर त्या खुणेचा फोटो मला पाठवा.