'बेअर' म्हणजे वाहणं, सोसणं की जन्म देणं?

तुमचा प्रश्न असा: 'बेअर' म्हणजे अस्वल, मग 'आय कान्ट बेअर इट'मध्ये 'सहन करणं' कुठून आलं, आणि 'बॉर्न' हे त्याचंच रूप कसं?

अस्वल आधी बाजूला काढू. तो शब्दच वेगळा. मूळ अर्थ बहुधा 'तपकिरी', म्हणजे रंगावरून पडलेलं नाव. स्पेलिंग जुळलं हा निव्वळ योगायोग.

क्रियापदाचं जुन्या इंग्रजीतलं रूप 'बेरान', अर्थ वाहून नेणं. संस्कृतातला 'भृ' धातू (भरति) याचा सख्खा भाऊ. मूळ 'भ'चा जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन वगैरे) 'ब' झाला, लॅटिन आणि ग्रीकमध्ये 'फ'. म्हणून आपला 'भार', इंग्रजीतला 'बर्डन' आणि लॅटिनमधून आलेले 'ट्रान्सफर', 'सफर' (सोसणं) हे एकाच कुळातले. फारसीतून आलेल्या 'पैगंबर'मधला 'बर'देखील तोच: पैगाम वाहून आणणारा.

आता अर्थांची साखळी सोपी होते. ओझं अंगावर घेतलं की ते सोसावं लागतं, म्हणून सहन करणं. पोटात गर्भ वाहिला की जन्म, म्हणून 'बर्थ'सुद्धा इथलाच. झाडाने फळं अंगावर वागवली की 'बेअर फ्रूट'. अमेरिकी संविधानाच्या 1791च्या दुसऱ्या दुरुस्तीतलं 'बेअर आर्म्स' म्हणजे शस्त्र बाळगणं. तिथे जुना अर्थ जवळजवळ तसाच टिकलाय.

चुका होतात त्या रूपांत. भूतकाळ 'बोअर'. तिसरं रूप दोन स्पेलिंगांचं, बी-ओ-आर-एन आणि बी-ओ-आर-एन-ई, उच्चार मात्र एकच. जन्माबद्दल कर्मणी वाक्य असेल आणि पुढे 'बाय' नसेल, तर शेवटी 'ई' नाही: 'शी वॉज बॉर्न इन पुणे'. बाकी सगळीकडे 'ई' हवा: 'शी हॅज बॉर्न थ्री चिल्ड्रन', 'द कॉस्ट वॉज बॉर्न बाय अस', डासांमुळे पसरणारा तो 'मॉस्किटो-बॉर्न'. 'आय अ‍ॅम बॉर्न इन 1990' हे मराठी माणसाचं लाडकं वाक्य, पण तिथे 'वॉज'च लागतो.

'सोसणं' या अर्थी हे क्रियापद बहुतेक वेळा 'कान्ट'बरोबर येतं. नुसतं 'आय बेअर हिम' कुणी म्हणत नाही. आणि ईमेलमध्ये 'बेअर विथ मी' लिहिताना बी-ई-ए-आर. बी-ए-आर-ई लिहिलंत तर 'थोडा धीर धरा'ऐवजी कपडे उतरवायचं आमंत्रण वाटू शकतं.