स्वप्नात पडणारे दात आणि बाकी राहिलेली सही

पत्र

मावशी, सप्रेम नमस्कार.

वय ४३, माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. सासर कराडचं, माहेर तासगावकडचं. दिवाळीपासून एकच स्वप्न आठवड्यातून दोन-तीनदा पडतं. मी माहेरच्या अंगणात उभी आहे, बाबा बाजेवर बसलेत आणि माझे वरचे दात एकेक करून तळहातावर गळताहेत. रक्त नाही, दुखत नाही. बाबांना दिसू नये म्हणून मी मूठ घट्ट मिटते. आतून भाऊ ‘जेवायला चल’ अशी हाक मारतो. ओ द्यायला जाते तर तोंडातून आणखी दात पडतात, आवाज फुटत नाही. पहाटे चारला दचकून जाग येते, तेव्हा जबडा ठणकत असतो.

आत्या म्हणाली, वरचे दात पडले की घरातलं वडीलधारं माणूस जातं. तेव्हापासून स्वप्न जास्तच पडायला लागलंय. घाबरून दोनदा पहाटे बाबांना फोन केला. ते ७६ वर्षांचे आहेत. बीपीची गोळी सोडली तर ठणठणीत, रोज मळ्यात फेरी असते. एका ज्योतिषांनी अकरा हजारांची शांती सांगितली आहे. मोबाईलवर शोधलं तर कुणी म्हणतं आत्मविश्वास गमावल्याचं लक्षण, कुणी म्हणतं दडपलेली लैंगिक इच्छा. वाचून लाजच वाटली.

बाबांना धोका आहे का? माझं सुप्त मन मला काय सांगतंय? बाकी घरी सगळं छान आहे. दिवाळीत भावाने हक्कसोडपत्राचा मसुदा दाखवला, मार्चअखेर सही करायची आहे, पण तो विषय वेगळा.

– एक लेक

उत्तर

लेकी,

आधी बाबांचं. या स्वप्नामुळे त्यांना काही होणार नाही. हिशेब तुझ्याच पत्रात आहे. दिवाळीपासून आठवड्याला दोन-तीनदा दात पडताहेत आणि बाबा रोज मळ्यात फेरी मारताहेत. एखाद्या ज्योतिषाचं भाकीत इतक्या वेळा चुकलं असतं तर तू त्याच्या पायरीवर पुन्हा उभी राहिली नसतीस. ७६ वर्षांच्या माणसाला कधी ना कधी काहीतरी होणार, आणि त्या दिवशी आत्या ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ म्हणणार. याच आत्याला उद्या सांगून बघ की स्वप्नात बाबा गेलेले दिसले. ती म्हणेल, अगं चांगलंच आहे, आयुष्य वाढलं त्यांचं! दात पडले तर माणूस जातं आणि माणूस गेलेलं दिसलं तर जगतं, अशा शास्त्राशी वाद घालून कोण जिंकणार?

अकरा हजार वाचव. पहाटेचे फोनही बंद कर. चार वाजता फोन खणखणला तर बीपी कुणाचं वाढेल?

आत्याला मात्र वेड्यात काढू नकोस. ती बोलतेय ते फार जुनं आहे. आयुर्वेदातल्या चरकसंहितेच्या इंद्रियस्थान नावाच्या विभागात, एका अध्यायात अशुभ स्वप्नांची यादी आहे, तिच्यात दात पडणंही येतं. तिकडे ग्रीकांमध्ये दुसऱ्या शतकात आर्टेमिडोरस नावाचा स्वप्नांचा मोठा जाणकार होऊन गेला. तो म्हणायचा, तोंड म्हणजे घर आणि दात म्हणजे घरातली माणसं. वरचे दात मानाची, खालचे त्यांच्याहून कमी मानाची. तासगावच्या आत्याने त्याचं नाव ऐकलेलं असायची शक्यता नाही, तरी दोघांचं एकमत! मात्र तोच आर्टेमिडोरस पुढे म्हणतो की कर्जात बुडालेल्याचे दात पडले तर कर्ज फिटेल. स्वप्न कुणाला पडलं, तो काय करतो, श्रीमंत की गरीब, हे विचारल्याशिवाय तो अर्थ सांगायला तयार नसे. मोबाईलवरचे अर्थ सांगणारे एवढीही तसदी घेत नाहीत.

चरकाच्या त्याच अध्यायात पुढे स्वप्नांचे सात प्रकार दिलेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या दोषामुळे पडणारं. यातली पहिली पाच निष्फळ समजावीत, असं वैद्याला बजावलंय. आत्याने अर्थ सांगितल्यावर स्वप्न वाढलं, असं तू स्वतःच लिहिलंस. म्हणजे ऐकलेलं. आणि जबडा ठणकतो म्हणतेस, म्हणजे कदाचित शरीरातलंही. ग्रंथालाच विचारायचं असेल तर पूर्ण विचारावं, एक ओळ उचलून घाबरू नये.

या जबड्याकडे जरा नीट बघू, कारण तू तो ओझरता सांगून पुढे गेलीस. २०१८ मध्ये इस्रायलमधल्या दोन संशोधकांनी २१० जणांना त्यांच्या स्वप्नांबद्दल, झोपेबद्दल आणि मनःस्थितीबद्दल विचारलं. दात पडण्याची स्वप्नं ज्यांना जास्त पडत होती त्यांच्यात सकाळी उठल्यावर दात, हिरड्या, जबडा आवळल्यासारखा वाटण्याचं प्रमाण जास्त होतं. मानसिक त्रासाशी मात्र या स्वप्नांचा संबंध दिसला नाही. तेव्हा तू रात्री दात आवळत किंवा खात असशील, असं मला वाटतं. दातांच्या डॉक्टरांना दाखव. झीज झाली असेल तर ते बघताक्षणी ओळखतात आणि रात्री घालायचा गार्ड करून देतात. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही दात खाण्याची सवय लागू शकते. तसली एखादी सुरू असेल तर ज्यांनी दिली त्यांना सांग, स्वतःहून बंद करू नकोस.

पहाटे चारचंही असंच. पहाटेची स्वप्नं खरी होतात असं आपण लहानपणापासून ऐकतो. झोपेत साधारण दर दीड तासाने एक टप्पा येतो. तेव्हा मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात आणि ठसठशीत स्वप्नं बहुतेक तेव्हाच पडतात. शिकागोच्या संशोधकांनी १९५३ मध्ये हा टप्पा जगासमोर मांडला. रात्र सरत जाते तसा तो लांबत जातो. पहाटे स्वप्नं लांबलचक असतात, त्यातून मधेच जाग येते, म्हणून ती लक्षात राहतात. खरी होण्याशी याचा संबंध नाही.

आता तू म्हणशील, म्हणजे सगळं जबड्याचंच? मनाचं काहीच नाही? आहे ना. दात जबड्याने पुरवले असतील, पण अंगण त्याने पुरवलेलं नाही. मिटलेली मूठ, बाजेवरचे बाबा, आतून येणारी भावाची हाक, हे तुझ्याखेरीज कुणाकडून आलं? जबडा तर शेजारणीचाही आवळला जात असेल, तिला वेगळं काही दिसेल. स्वप्न सगळं सामान घरातूनच उचलतं. तुकोबांना स्वप्नात गुरूंनी मंत्र दिला. केवढी मोठी घटना! तरी त्या अभंगात गुरू जेवणासाठी पावशेर तूप मागतात आणि त्याचा विसर पडतो. परमार्थातसुद्धा तूप येतं ते संसारातूनच.

लाज वाटली म्हणालीस, ती टाकून दे. तो लैंगिक अर्थ मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्या नावाने फिरतो आणि त्याने दातांबद्दल तसं काही लिहिलं होतं हे खरं आहे. पुरुषांच्या बाबतीत त्याने या स्वप्नाचा संबंध हस्तमैथुनाशी जोडला, बायकांच्या बाबतीत बाळंतपणाचा अर्थ युंग या सहकाऱ्याच्या हवाल्याने नोंदवला. व्हिएन्नातल्या शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या रुग्णांवरून काढलेला तो अर्थ कराडच्या शिक्षिकेने अंगाला लावून घ्यायचं काहीच कारण नाही. स्वप्नांवरच्या त्याच्या ग्रंथावर साल १९०० छापलंय. पहिल्या आवृत्तीत ठरावीक प्रतीकांचा भाग थोडका होता, पुढच्या आवृत्त्यांमध्ये तो फुगत गेला. नेमका तोच भाग लोकांनी उचलला, कारण यादी वाचायला सोपी असते.

त्याची मूळ रीत मला जास्त मोलाची वाटते. तो रुग्णाला स्वप्नाचे तुकडे करायला लावायचा आणि प्रत्येक तुकड्यावरून मनात येईल ते न गाळता बोलायला सांगायचा. अर्थ त्या बोलण्यातून निघायचा. त्याने आणखी एक गोष्ट मांडली, तिला विस्थापन म्हणतात. जी गोष्ट मनाला खरी टोचते ती नेणीव, म्हणजे सुप्त मन, कोपऱ्यात सरकवते आणि तिच्या वाटची सगळी भीती भलत्याच गोष्टीवर नेऊन ठेवते. प्रत्येक स्वप्न म्हणजे दडपलेल्या इच्छेची पूर्ती, हे फ्रॉइडचं म्हणणं मला पटतं असं नाही, आणि आजच्या मेंदूतज्ज्ञांनी त्याच्याशी भरपूर भांडण मांडलंय. पण इतक्या वर्षांची तुम्हा सगळ्यांची पत्रं वाचून ही कोपऱ्याची गोष्ट मात्र मला सोळा आणे पटलेली आहे.

तुझंच पत्र बघ. दातांवर ओळीमागून ओळी, बाबांवर, आत्यावर, ज्योतिषावर. आणि शेवटी, जाता जाता, ‘पण तो विषय वेगळा’. स्वप्न दिवाळीत सुरू झालं. मसुदाही दिवाळीतच आला, बहुधा भाऊबीजेच्या ताटाच्या आगेमागे. अंगण माहेरचं. भाऊ आपुलकीने जेवायला बोलावतोय आणि तुझ्या तोंडून आवाज फुटत नाही. काहीतरी तुझं, तुझ्याच शरीराचं, गळून हातात आलंय आणि ते बाबांना दिसू नये म्हणून तू मूठ मिटतेस. रक्त नाही, दुखत नाही. बाकी घरी सगळं छान आहे, हे वाक्यही मला तसलंच वाटलं.

हा माझा अंदाज झाला. तो वाचून छातीत काही हललं असेल, डोळे भरले असतील किंवा माझा राग आला असेल, तर तिथे काहीतरी आहे असं समज. नुसतंच ‘असेल बुवा’ वाटलं तर सोडून दे. तुझ्या स्वप्नावर माझा तुझ्याहून जास्त अधिकार नाही.

पण समज हलवलंच काही, तर तू स्वतःलाही न सांगितलेली गोष्ट काय असेल? हिस्सा हवाय, ही असू शकते. हिस्सा नकोय, पण कुणी एकदा विचारायला हवं होतं, हीही असू शकते. मला दुसरी जास्त वेळा दिसते. आपल्याकडे बहिणी हक्क सोडतात तेव्हा जमिनीचा विचार फारसा नसतोच. मागितलं तर माहेरची वाट बंद होईल, पुढच्या दिवाळीला हाक येणार नाही, ही धास्ती असते. भाऊही वाईट नसतो. त्याच्या डोक्यात ते नुसतं कागदाचं काम असतं. आणि बाबा? त्यांना काय वाटतं हे तू लिहिलं नाहीस. तुला माहीत नसावं, असा माझा कयास आहे.

सहीच्या आधी दोन गोष्टी कळून घे. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर लेकीला मुलाइतकाच, जन्मापासूनचा हक्क आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरचा उरलासुरला वादही मिटवला. बाबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली असेल तर ते हयात असेपर्यंत ती त्यांचीच, मग आज तू नक्की काय सोडतेयस हाच प्रश्न येतो. सातबारा आणि फेरफार काढून एखाद्या वकिलाला दाखव. तो वकील भावाने आणलेला नसावा. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागे घेणं फार जिकिरीचं असतं, आणि मार्चअखेर ही तारीख तू ठरवलेली नाहीस.

स्वप्नासाठी एक उपाय आहे. पुन्हापुन्हा पडणाऱ्या भीतिदायक स्वप्नांवर मानसोपचारात तो वापरतात आणि बऱ्याच जणांना त्याने आराम पडतो. दिवसाउजेडी स्वप्न वहीत लिहून काढ. मग त्याचा शेवट तुला हवा तसा बदल. मूठ उघडून बाबांना दाखव, किंवा भावाला मोठ्याने ‘आले रे, थांब’ म्हण, किंवा पडलेले दात कुंडीत पुरून जेवायला जा. कितीही वेडगळ चालेल, मात्र शेवट तुझा तू निवडायचा. तो नवा शेवट रोज दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून बघत जा, काही आठवडे. झोपायच्या आधी मोबाईलवर स्वप्नांचे अर्थ शोधणं बंद.

एवढं करूनही झोप लागेना, दिवसा धडधड होऊ लागली किंवा शाळेत लक्ष लागेना, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेट. तासगाव-कराडकडे लगेच कुणी मिळालं नाही तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ हा नंबर लाव. फुकट आहे, मराठीतही बोलतात.

आणि बाबांना फोन कर, पण संध्याकाळी, मळ्यातून आल्यावर. जमिनीचं काय करावं असं तुम्हाला वाटतं, एवढंच विचार. ते काय म्हणाले ते मला कळव. सही करायची की नाही हे मी सांगणार नाही.

– मावशी